चाळिशीचा चष्मा कसा निवडावा?

(पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेले व्याख्यान, स्मरणिकेच्या वाचकांसाठी पुन्हा लिहून)



मेळाव्यात मी जे बोललो ते लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह पडला. बोलताना माझ्या हाताशी चष्म्यांचा एक डबा होता, शिंप्याची टेप होती आणि समोर डोळे बारीक करून पाहणारी माणसे होती. कागदावर यांपैकी काहीच आणता येत नाही. म्हणून आपणांस विनंती की, हे वाचताना घरातील कापडी टेप जवळ घेऊन बसावे. शिलाई मशीनच्या खणात ती सापडेल. पुढे तिचे काम पडणार आहे.

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण आजचा बहुतेक विषय तीत आला आहे. नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून माझी सारी नोकरी परभणी जिल्ह्यात झाली. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पूर्णा या भागांतील किती माणसांना मी जवळचा नंबर काढून दिला असेल, त्याचा हिशोब माझ्याजवळ नाही. घरातल्या माणसाकडे मात्र मी नीट पाहिले नाही. माझ्या अम्मींचे वय तेव्हा बासष्ट होते. फजरच्या नमाजनंतर रोज तिलावत करण्याची त्यांची लहानपणापासूनची सवय. अक्षर फुटते, नुक्ते दिसत नाहीत, असे त्या म्हणू लागल्या, तेव्हा मी एका संध्याकाळी त्यांच्या हातात तपासणीचा कागद दिला, दोन-चार भिंगे डोळ्यांपुढे धरली आणि तीन नंबरचा चष्मा करून आणला. हातातला कागद त्या खडाखड वाचू लागल्या. मी समाधान पावलो.

पुढे काही महिन्यांनी त्यांनी कुराणशरीफ उघडणे बंद केले. विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘बेटा, अब आँखां का नूर गया.’ मी पुन्हा कागद हातात दिला, तो त्यांनी वाचून दाखविला. मला वाटले, वय झाले, थकल्या असतील. नात वाचीत असे आणि त्या ऐकत असत. जवळजवळ दोन वर्षे असे चालले. मग एका रमजानमध्ये नातीने स्वतःच्या सोयीसाठी रेहल जमिनीवर न ठेवता कपड्यांच्या पेटीवर ठेवली. अम्मी शेजारी बसल्या होत्या. त्या वाकून पाहू लागल्या आणि ओळ वाचू लागल्या. मी टेप आणली. मांडी घालून ताठ बसल्यावर जमिनीवरच्या रेहलपासून त्यांच्या डोळ्यांपर्यंत बावन्न सेंटिमीटर अंतर भरत होते. मी दिलेल्या चष्म्याने स्वच्छ दिसत होते ते तेहेतीस सेंटिमीटरवर. म्हणजे स्वच्छ दिसण्यासाठी त्यांना वीतभराला थोडे कमी इतके खाली वाकावे लागत होते. गुडघे आणि कंबर दुखणाऱ्या बाईने तसे किती वेळ बसावे? दोन नंबरचा दुसरा चष्मा आणून दिला, तेव्हा तिलावत पुन्हा सुरू झाली. नंबर मी बरोबर काढला होता, पण तो त्यांच्या कामाचा नव्हता. त्या कशा बसतात हे मी विचारलेच नव्हते.

आता मुळात हे होते काय, ते थोडक्यात पाहू. डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. लांबचे पाहताना ते चपटे राहते, जवळचे पाहताना सभोवतीचा स्नायू आखडतो आणि भिंग फुगीर होते. लहानपणी ते इतके लवचीक असते की दहा वर्षांचे मूल नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षरही वाचू शकते. भिंग वर्षागणिक ताठर होत जाते. चाळिसाव्या वर्षी ही मर्यादा वीतभर अंतरावर येते, पन्नाशीत सुमारे चाळीस सेंटिमीटरवर आणि साठीत हाताच्याही पलीकडे जाते. म्हणूनच माणूस वर्तमानपत्र दूर धरू लागतो आणि एके दिवशी हात अपुरा पडतो. हा रोग नव्हे. जो चाळिशी ओलांडतो त्या प्रत्येकाला हे होते. ज्याची लांबची नजर उत्तम आहे त्यालाही होते, आणि ‘माझी नजर गरुडासारखी आहे’ म्हणणारे गृहस्थच तपासणीला सर्वांत उशिरा येतात.

मराठीने या चष्म्याला ‘चाळिशी’ हे चपखल नाव दिले आहे. पण नावामुळे एक अडचणही झाली. चाळिशी लावली की वय उघडे पडते, असे वाटून माणसे दोन-दोन, चार-चार वर्षे टाळाटाळ करतात. चष्मा लावल्याने डोळे आळशी होतात आणि नंबर वाढतो, ही दुसरी समजूत. नंबर वाढतो तो भिंग ताठर होत जाते म्हणून. चष्मा लावा की न लावा, साठीपर्यंत तो वाढतच राहणार आणि नंतर बहुधा स्थिर होणार. न लावणाऱ्याच्या वाट्याला तेवढी वर्षे डोकेदुखी येते.

आपल्या मेळाव्यांतून पूर्वजांच्या विद्येचा उल्लेख होतो, म्हणून दोन शब्द त्याविषयी. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम याने अकराव्या शतकात ‘किताबुल मनाझिर’ या ग्रंथात दृष्टीची मीमांसा केली. डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो, हे त्याने प्रयोगांनी मांडले. त्यावरून चष्माही आपल्याच लोकांनी शोधला, असे म्हणण्याचा मोह होतो. ते खरे नाही. चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तयार झाला. पंधराव्या शतकातील फारसी कवी जामी याने म्हातारपणाची तक्रार करताना या चष्म्याचा उल्लेख ‘फिरंगी’ काच म्हणूनच केला आहे. आपल्याकडे विजयनगरच्या व्यासरायस्वामींनी सोळाव्या शतकाच्या आरंभी चष्मा लावून ग्रंथ वाचल्याचा उल्लेख आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी भारतातील चष्म्याचा इतिहास धुंडाळताना तो नोंदविला आहे. जामी आणि व्यासराय यांच्या धर्मात, भाषेत, मुलखात काही साम्य नाही. पण दोघांचेही ग्रंथ एका वयानंतर धूसर झाले आणि दोघांनाही परक्या मुलखातील काच नाकावर ठेवावी लागली.

आता टेप हातात घ्या. आपण जे काम सर्वांत जास्त वेळ करता, त्याची नेहमीची बैठक मारून बसा आणि घरातील दुसऱ्या कोणाला डोळ्याच्या कोपऱ्यापासून कामाच्या वस्तूपर्यंतचे अंतर मोजायला सांगा. स्वतः मोजू नये. स्वतः मोजताना मान आपोआप पुढे येते. आलेला आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि शंभराला त्याने भागा. अंतर पन्नास आले तर उत्तर दोन, चाळीस आले तर अडीच, तेहेतीस आले तर तीन. लांबची नजर निर्दोष असलेल्या डोळ्याला त्या अंतरावर स्वच्छ दिसण्यासाठी एवढ्या शक्तीची गरज असते.

पण एवढी सगळी शक्ती चष्म्याकडून घ्यायची नसते. साठीच्या आत डोळ्याजवळ स्वतःची काही शिल्लक असते. पन्नाशीच्या माणसाकडे ती सुमारे अडीच धरली, तरी ती सगळी खर्च करून तासन्‌तास काम होत नाही. निम्मी गाठीला ठेवावी लागते, नाही तर कपाळ दुखते आणि डोळ्यांतून पाणी येते. तेव्हा त्याची वापरण्याजोगी रक्कम सव्वा. त्याला तेहेतीस सेंटिमीटरवर छोट्या टाइपातले पुस्तक वाचायचे असेल तर गरज तीनची, तूट पावणेदोनची, म्हणून चष्मा १.७५ चा. तोच गृहस्थ पन्नास सेंटिमीटरवर काम करीत असेल तर गरज दोनची, तूट पाऊणची, चष्मा ०.७५ चा. माणूस तोच, वय तेच, आणि दोन चष्म्यांत एका नंबराचा फरक. ‘पन्नाशीला दोन नंबर’ असे दुकानात सांगतात ते हाताशी धरण्याचा एक अंदाज म्हणून ठीक आहे. चाळिशीच्या आरंभी एक, पंचेचाळीसला दीड, पन्नाशीला पावणेदोन-दोन, साठीला अडीच आणि क्वचित तीन, असा तो अंदाज आहे. त्यावर कामाच्या अंतराची कात्री चालवावी लागते.

ज्यांना आधीपासून लांबचा नंबर आहे त्यांचा हिशोब वेगळा. लांबचा नंबर आणि जवळची वाढ यांची बेरीज करायची. लांबचा उणे एक आणि वाढ दोन असेल तर जवळचा नंबर अधिक एक. लांबचा अधिक एक असेल तर जवळचा अधिक तीन. उणे अडीच नंबरचा माणूस लांबचा चष्मा काढून चाळीस सेंटिमीटरवरचे पुस्तक म्हातारपणीही नुसत्या डोळ्यांनी वाचतो. गल्लीत लोक त्याचे कौतुक करतात. त्यात कौतुकाचे काही नाही. तरुणपणी सिनेमाचा पडदा दिसत नव्हता, त्याची ही भरपाई होय.

अंतर कोणत्या कामाला किती लागते, हे पाहण्याचा मला नादच लागला आहे. मोबाइल माणसे तीस-पस्तीस सेंटिमीटरवर धरतात. मशीनवर शिवणाऱ्याची सुई चाळीस ते पन्नासवर असते, पण काज करताना आणि हातशिलाई करताना तोच शिंपी कापड पंचवीस-तीसवर ओढतो. सुपात तांदूळ घेऊन खडे निवडणारी बाई पन्नासच्या आसपास पाहते. टेबलावरचा संगणक साठ-सत्तरवर. फळ्यावर लिहिणारे गुरुजी हातभर अंतरावर, आणि हजेरीपटावर सही करताना चाळीसवर. सुवर्णकार आणि घड्याळजी यांची गोष्टच निराळी, त्यांना भिंगच हवे. एकाच माणसाची दोन अंतरांची कामे असतील तर मधले अंतर धरावे किंवा सरळ दोन चष्मे घ्यावेत. दोन चष्मे ही चैन आहे, असे मला म्हणणाऱ्या एका शिंप्याच्या दुकानात मी तीन कात्र्या मोजल्या होत्या.

तयार चष्म्यांविषयी डॉक्टर मंडळी नाक मुरडतात. मी मुरडीत नाही. आठवडी बाजारात, बसस्थानकाजवळ, फेब्रुवारीत भरणाऱ्या हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात हे चष्मे स्वस्तात मिळतात, आणि ज्याचे दोन्ही डोळे सारखे आहेत, ज्याला लांबचा नंबर नाही, तिरका नंबर नाही, त्याचे काम त्यांनी भागते. पण त्यांच्या मर्यादा जाणून घ्याव्यात. दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात. आपले दोन डोळे तसे असतीलच असे नाही. काचांचे मध्य ठराविक अंतरावर बसविलेले असतात. ज्यांचे डोळे जवळजवळ आहेत, विशेषतः लहान चणीच्या स्त्रियांना, ते जुळत नाहीत आणि अर्ध्या तासात डोळे ओढल्यासारखे होतात. म्हणून घेण्यापूर्वी एक डोळा झाकून दुसऱ्याने वाचा, मग दुसरा झाकून पहिल्याने. एका डोळ्याने कमी दिसले तर तो चष्मा परत ठेवा आणि तपासणीला या. काचेतून दाराची चौकट पाहा आणि चष्मा हळूहळू हलवा. चौकट पाण्यातल्या काठीसारखी मध्येच वाकली तर काच वाईट आहे. दोन नंबरांनी सारखेच स्वच्छ दिसत असेल तर त्यांतला कमी नंबर घ्यावा. जास्त नंबरचा चष्मा दुकानात फार छान वाटतो, कारण अक्षर मोठे दिसते. घरी आल्यावर मात्र पुस्तक नाकाजवळ न्यावे लागते आणि मान उतरते. शेवटी, बाजारात वाचून पाहताना दुकानदाराचा कागद वाचू नका. खिशातून आपला कागद नेलेला असावा आणि तो आपल्या कामाच्या अंतरावर धरावा. त्यासाठी टेपेवर जिथे आकडा आला तिथे दोऱ्याला गाठ मारून तो दोरा खिशात ठेवला तरी पुरे.

विज्ञानाच्या शिक्षकांना एक प्रयोग सुचवितो. घरातल्या जुन्या चष्म्याचा नंबर पुसला गेला असेल, तर खिडकीसमोरच्या भिंतीजवळ तो धरा आणि मागेपुढे करा. बाहेरच्या दूरच्या झाडाचे उलटे चित्र भिंतीवर ज्या अंतरावर स्पष्ट पडेल, ते अंतर मोजा. चाळीस सेंटिमीटर आले तर चष्मा अडीचचा, पन्नास आले तर दोनचा. मुलांना भिंगाचा धडा यापेक्षा चांगला शिकविता येणार नाही, आणि आजोबांचा चष्मा आजीला का चालत नाही, हेही त्यांना कळेल. सूर्याकडे मात्र कोणी भिंग रोखू नये.

दुहेरी भिंगाचा, म्हणजे बायफोकल चष्मा मागणारे पुष्कळ असतात. गुरुजींना आणि दुकानदारांना तो सोयीचा. वर पाहिले की गिऱ्हाईक दिसते, खाली पाहिले की वही. पण जवळचा भाग खाली असल्यामुळे ज्याला वर पाहून जवळचे काम करायचे आहे, त्याला त्याचा उपयोग नाही. ट्रकखाली निजून काम करणारा मिस्त्री किंवा डोक्याच्या वरच्या फळीवरील औषधांची खोकी वाचणारा दुकानदार बायफोकलमध्ये मान मागे टाकून टाकून बेजार होतो. आणि जिना उतरताना खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, हे वयस्क माणसांनी लक्षात ठेवावे. पडून हाड मोडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. प्रोग्रेसिव्ह नावाच्या काचेत रेघ नसते आणि मधले अंतरही दिसते. ती महाग असते, कडेला किंचित वाकडे दिसते आणि मोजमाप चुकले तर सारा पैसा पाण्यात जातो. फक्त वाचनासाठी ती घेण्यात मला शहाणपणा दिसत नाही.

उजेडाचा विचार नंबराइतकाच महत्त्वाचा आहे. भर उन्हात अंगणात नेऊन सुई ओवणाऱ्या आजी आपण पाहिल्या असतील. त्या अगदी बरोबर करतात. उजेडात बाहुली बारीक होते आणि बारीक बाहुलीतून अक्षर जास्त नेमके दिसते. त्यामुळे दिवसा चालणारा चष्मा रात्री, वीज गेल्यावर चालत नाही. याचा अर्थ नंबर वाढला असा नव्हे. दिवा मागून खांद्यावरून पुस्तकावर पडावा, समोरून डोळ्यांवर पडू नये.

इथवर सांगितले ते निरोगी डोळ्यांविषयी. पण धूसर दिसणे नेहमी चाळिशीच असते असे नाही, आणि तयार चष्म्याचा खरा धोका हाच की, तो घेऊन माणूस तपासणी टाळतो. तीन प्रकारची माणसे माझ्या मनात घर करून आहेत. पहिला तो, ज्याला दर चार-सहा महिन्यांनी जवळचा चष्मा बदलावा लागतो. काचबिंदूची ही एक जुनी ओळख आहे. काचबिंदू दुखत नाही, कडेची नजर आधी खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. दुसरा तो, ज्याला मधुमेह आहे. रक्तातील साखर वरखाली झाली की डोळ्यातील भिंग पाणी धरते आणि नंबरही वरखाली होतो. साखर काही आठवडे आटोक्यात राहिल्यावरच चष्मा करावा आणि वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणखी सांगणे की, सिरिंजवरील रेघा चष्म्याशिवाय अंदाजाने वाचू नयेत. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. सत्तरीचे आजोबा एके दिवशी चष्मा बाजूला ठेवतात आणि नुसत्या डोळ्यांनी वर्तमानपत्र वाचू लागतात. घरात आनंदी आनंद होतो. ते बहुधा मोतीबिंदू पिकू लागल्याचे लक्षण असते. भिंग घट्ट होऊन उणे नंबर येतो, जवळचे दिसते आणि लांबचे जाते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता सोपी झाली आहे. तपासणी जिल्हा रुग्णालयात होते, आपल्या भागातून जालन्याच्या गणपती नेत्रालयातही पुष्कळ लोक जातात. चाळिशी लागली की एकदा, आणि पुढे दर दोन वर्षांनी, एवढे करावे. एकाएकी दिसेनासे झाले, डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली तर त्याच दिवशी निघावे.

आता ज्यासाठी हे व्याख्यान शिक्षणसंस्थेत द्यावेसे वाटले, तिकडे वळतो. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झाले. त्यानंतरच्या साक्षरता वर्गांतून आपल्या मोहल्ल्यांतील पुष्कळ स्त्रिया येऊन बसल्या. त्यांतील तरुण मुली टिकल्या. पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका आठ-पंधरा दिवसांत गळाल्या. ‘आता या वयात डोक्यात शिरत नाही,’ असे त्या म्हणत आणि आम्हीही माना हलवीत असू. त्यांच्यापैकी किती जणींना पाटीवरचे आणि पुस्तकातले अक्षर दिसत होते, हे कोणी पाहिले? मी डोळ्यांचा माणूस असूनही पाहिले नाही. जिने आयुष्यात कधी अक्षर वाचले नाही, तिला अक्षर धूसर दिसते हे कळणार कसे? स्वच्छ अक्षर कसे असते, हे तिला ठाऊकच नाही. २०२२ ते २०२७ या वर्षांसाठी ‘उल्लास’ हा नवा साक्षरता कार्यक्रम आहे. पंधरा वर्षांपुढील कोणालाही त्यात येता येते, आणि मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रात त्याची परीक्षाही झाली. अशा वर्गात चाळिशीपुढील स्त्रीच्या हातात पुस्तक देण्यापूर्वी तिला सुई ओवायला सांगावी. ओवता आली नाही तर आधी चष्मा, मग अ-आ किंवा अलिफ-बे. नस्तालीक लिपीत तर हे अधिकच लागू, कारण तेथे एक नुक्ता वरचा खाली दिसला की ‘खुदा’चे ‘जुदा’ होते.

स्त्रियांचा चष्मा घरात सर्वांत शेवटी येतो, किंवा येतच नाही. नवऱ्याचा जुना, काडीला दोरा बांधलेला चष्मा ती लावते. धान्य निवडताना दिसत नाही म्हणून ती बोटांनी चाचपते. घरी बसून शिवणकाम करणाऱ्या आणि त्यावर मुलांच्या फिया भरणाऱ्या भगिनी आपल्याकडे थोड्या नाहीत. त्यांचे काम पंचेचाळिशीत मंदावते आणि ‘हात चालत नाही’ असे म्हटले जाते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढील मजुरांना जवळचे चष्मे देऊन केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची पानांची तोडणी, न मिळालेल्यांच्या मानाने, सुमारे बावीस टक्क्यांनी जास्त वाढली. बांगलादेशात विणकर, शिंपी अशा बारीक कामाच्या लोकांत असाच अभ्यास झाला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात आठ महिन्यांत चष्मेवाल्यांची मिळकत सुमारे एक तृतीयांशाने अधिक भरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे केवळ या साध्या चष्म्यावाचून जवळचे न दिसणारे लोक जगात किमान ८२ कोटी ६० लाख आहेत. त्यांतील काही आपल्या स्वयंपाकघरात आहेत.

ओघात आले म्हणून सांगतो. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातील उर्दू आणि मोडी कागद वाचणाऱ्यांची सर्वत्र चौकशी होऊ लागली. असे वाचक बहुतेक सत्तरीच्या पुढचे. शिकस्ता लिपीतील फिकट शाई वाचायची तर ज्ञान त्यांच्याजवळ आहेच, पण नजरही लागते. अशा एका बुजुर्गांनी मला विचारले होते, ‘हर्फ पहचानता हूँ, मगर दिखते नहीं, क्या करूँ?’ त्यांना जवळचा चष्मा, उजेडाचा दिवा आणि हातात धरायचे एक भिंग, एवढे पुरले.

तपासणीला येताना आपले काम बरोबर आणावे. शिवणारीने सुई आणि कापड, दुकानदाराने खातेवही, तिलावत करणाऱ्यांनी निदान आपल्या रेहलचे मोजलेले अंतर. जुना चष्मा तुटका असला तरी आणावा, त्याचा नंबर मोजता येतो. साखरेची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर त्यांची चिठ्ठी आणावी. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास जवळचे दिसणार नाही आणि उजेड सहन होणार नाही, म्हणून सोबत कोणीतरी असावे आणि परत जाताना मोटारसायकल स्वतः चालवू नये.